माळाच्या वाढदिवसाला रोप नको

पुणे जिल्ह्यात, बारामती तालुक्याच्या कोरडवाहू भागात, सुपे-मोरगावच्या परिसरात पाच चौरस किलोमीटरांहून जरासं मोठं असं एक माळरान आहे. मुरमाड जमीन, जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस, मधूनमधून बोर, हिवर, खैर आणि बाकी सगळं गवत. मोरगावच्या मयूरेश्वरावरून त्याला मयूरेश्वर अभयारण्य म्हणतात. चिंकाऱ्यासाठी म्हणून १९९७ मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२७ मध्ये त्याला तीस वर्षं पूर्ण होतील. तीस वर्षं म्हटल्यावर कार्यक्रम ठरणार, शाळा येणार, संस्था येणार. आणि निसर्गाचा कार्यक्रम म्हटला की आपल्याकडे सगळ्यांत आधी सुचतं ते वृक्षारोपण. म्हणूनच वेळेत, अजून खड्डे खणले गेलेले नसताना, सांगायला हवं की माळरानाला झाड भेट देऊ नका.

हिशेब अगदी साधा आहे. रोपासाठीचा नेहमीचा खड्डा ४५ सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच खोल. पाचशे रोपं लावायची ठरली, तर खड्ड्यांच्या तोंडाखालीच शंभर चौरस मीटर गवत मुळासकट जातं. उपसलेली माती बाजूला टाकतो, त्या ढिगाऱ्यांखाली आणखी तेवढंच दबतं. वर आलेला मुरूम पहिल्या पावसात मोकळा, भुसभुशीत असतो. अशा उकरलेल्या जमिनीवर सगळ्यांत आधी पवना किंवा मारवेल येत नाही, तिथे गाजर गवत येतं, टाकळा येतो. साठ सेंटिमीटर रुंदीचे सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे लांबच लांब खंदक, खणले तर हेच नुकसान किलोमीटरच्या हिशेबात होतं. डोंगरउतारावर, उघड्या बोडक्या जमिनीवर चर खणण्याला अर्थ आहे. गवताने आधीच धरून ठेवलेल्या मातीला चराची गरज नसते.

रोप जगलं नाही तर उन्हाळ्यात वाळून जातं आणि खड्डा तेवढा उरतो. जगलं, तर त्रास वेगळाच. माळावरच्या गवताला भरपूर ऊन लागतं, सावलीत ते विरळ होत जातं. चिंकारा डोळ्यांवर जगणारा प्राणी आहे. लांबून धोका दिसला की पळायचं, हीच त्याची रीत. दाट लागवडीत त्याची नजर अडते. जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्यांचं आणखी कठीण. धाविक दोन-तीन अंडी उघड्या जमिनीवरच घालतो, माळटिटवी खड्यांमध्ये चार. चंडोल गवताच्या बुडाशी वाटी करतो. आजूबाजूला उंच फांद्या आल्या की कावळ्याला आणि शिकारी पक्ष्याला टेहळणीची जागा मिळते, आणि त्या अंड्या-पिल्लांचं उघड्यावर लपून राहणं संपतं. बोर आणि हिवर माळाचेच आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. ते आपापल्या अंतराने, आपापल्या वेळेने येतात.

पुणे-सोलापूर पट्ट्यातल्या कित्येक माळांवर गिरीपुष्पाच्या, म्हणजे ग्लिरिसिडिया या परदेशी झाडाच्या, रांगा दिसतात. जनावरं सहसा तोंड लावत नाहीत, दुष्काळातही जगतं, लागवडीचा टक्का कागदावर चांगला दिसतो, या कारणांनी ते लावलं गेलं. त्यामागे कुणाचा दुष्टावा नव्हता. आपल्या महसुली भाषेत गवताच्या जमिनीला ‘पडीक’ हाच शब्द होता आणि पडीक म्हटलं की ती भरून काढायची ओढ लागते. शब्दाने एवढं नुकसान केलेलं दुसरं उदाहरण निसर्गरक्षणात पटकन आठवत नाही.

हा ‘पडीक’ तुकडा जवळून कसा दिसतो ते पाहायला ऑक्टोबरअखेर एक चौरस मीटर पुरे. गुडघे टेकून बसा. मारवेलीचे पेर जमिनीलगत आडवे पसरलेले असतात आणि त्यांच्या कडेला कुसळीचे ताठ झुबके. कुसळीची बी पाहण्यासारखी असते. एका टोकाला टोकदार, मागे वळलेले केस असलेलं बूड, दुसऱ्या टोकाला लांब काळपट शेपटी. ही शेपटी दोरीसारखी पिळलेली असते. दवाने ओली झाली की उलगडते, ऊन लागलं की परत पिळ घेते, आणि या फिरण्याने बी स्क्रूसारखी जमिनीत शिरते. मागे वळलेल्या केसांमुळे ती बाहेर येत नाही. त्याच चौरसात एखादं बोटभर रुंदीचं बीळ असतं आणि त्याभोवती फिकट भुशाचं कडं. दाणे गोळा करणाऱ्या मुंग्यांनी आत दाणा ठेवून टरफलं बाहेर टाकलेली असतात. शेजारी तळहाताएवढी कोरी जमीन. तीही रिकामी नाही, धाविकाला नेमकी तशीच लागते. खाली दोन-तीन फुटांपर्यंत मुळं गेलेली असतात आणि या जमिनीतला बहुतेक कार्बन त्या मुळांत आणि मातीत असतो, वरच्या पात्यात नाही. झाडं लावून कार्बन साठवू म्हणणाऱ्यांनी हे एकदा बघावं.

मग वर्धापनदिनी करायचं काय? माळ मोजायचा. वर्षभरात काय बदललं हे सांगणारी एकसारखी नोंद दरवर्षी करणं, याहून मोठा मान कुठल्याही राखीव क्षेत्राला देता येत नाही, असं आमचं ठाम मत आहे.

आधी तारीख. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये कलम १८ खाली अभयारण्य करण्याचा इरादा जाहीर होतो आणि कलम २६-अ खाली अंतिम घोषणा. दोन्हींमध्ये कधीकधी अनेक वर्षांचं अंतर पडतं. राजपत्राची प्रत मिळवा आणि त्यातली तारीख धरा, फलकावर रंगवलेली नको. त्या प्रतीचा खरा उपयोग मात्र वेगळा आहे. तिच्यात हद्दीचं वर्णन असतं, चारही दिशांची गावं असतात. ती मोठ्या अक्षरांत छापून भोवतालच्या ग्रामपंचायतींत लावली तर पुढचे निम्मे वाद सुरूच होत नाहीत. अभयारण्यात शिरायला कलम २७ आणि २८ प्रमाणे परवानगी लागते आणि आतली काडी उचलायलाही लागते, तेव्हा वनपरिक्षेत्र कार्यालयात लेखी अर्ज तीन आठवडे आधी द्या. अर्जात माणसं किती, कुठल्या वाटेने, किती वाजता आणि काय करणार हे लिहा. ‘जनजागृती’ एवढंच लिहिलेला अर्ज वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही.

पहिलं काम हद्द चालण्याचं. क्षेत्र अगदी चौरस धरलं तरी परीघ नऊ किलोमीटर भरतो, प्रत्यक्षात वाकडातिकडा असल्याने जास्तच. बघत, थांबत, लिहीत चालायचं तर तासाला दोन किलोमीटरांहून जास्त होत नाही. म्हणून दोन गट करा, एकाच जागेवरून विरुद्ध दिशांना निघा आणि पलीकडे भेटा. सहा-सात माणसांचा गट पुरतो. लिहायचं ते असं: कुठला हद्दीचा खांब पडला, कुठे नांगर आत सरकला, कुठे राडारोडा टाकला, कुंपणाखालून चिंकारे कुठे ये-जा करतात, आणि हद्दीबाहेर पण अगदी लगत, कठडा नसलेल्या विहिरी किती. शेवटची नोंद लोक हमखास गाळतात. रात्री पळणारं जनावर अशाच विहिरीत पडतं. जमिनीपासून मीटरभर उंच दगडी कठडा बांधला तर ते टळतं, आणि विहीर खाजगी असल्याने शेतकऱ्याशी बोलूनच करावं लागतं. तीस वर्षांच्या निमित्ताने देणगी गोळा होणार असेल तर कमान बांधण्याआधी कठडे बांधा.

दुसरं काम फोटोंचं, आणि इथे शिस्त नसेल तर सगळं वाया जातं. माळावर सहा-आठ जागा कायमच्या ठरवा: एक गवताळ, एक खडकाळ, एक लागवडीच्या कडेची, एक पाणवठ्याजवळची, अशा. जागेवर लोखंडी खुंट ठोकू नका, भंगारात जातो. जमिनीत रुतलेल्या मोठ्या दगडावर खूण करा आणि जवळच्या दोन हलणार नाहीत अशा गोष्टींपासूनचं अंतर टेपने मोजून लिहून ठेवा. मोबाइलचं जीपीएस पाच-दहा मीटर सहज चुकतं, त्यावर एकट्यावर भिस्त ठेवली तर पुढच्या वर्षी भलत्याच जागेवरून फोटो निघतो. कॅमेरा दीड मीटर उंचीवर धरा आणि होकायंत्राने उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम असे चार फोटो घ्या. समोर दहा मीटरांवर एक मीटर उंचीची काठी उभी करा, दहा-दहा सेंटिमीटरांवर काळे-पांढरे पट्टे रंगवलेली. गवताची उंची त्यावरून फोटोतच वाचता येते. सगळ्यांत जास्त होणारी चूक म्हणजे एका वर्षी साधी लेन्स आणि दुसऱ्या वर्षी वाइड. मग तोच माळ दुप्पट मोकळा दिसतो आणि बघणारा भलताच निष्कर्ष काढतो. झूम नाही, वाइड नाही, एक-एक्सच. सकाळी पूर्वेचा फोटो उन्हामुळे पांढरा पडतो, तो ऊन चढल्यावर परत येऊन घ्यावा.

गवताची मोजणी चौकटीने होते. प्लॅस्टिकच्या पाइपची एक मीटर बाय एक मीटर चौकट दहा मिनिटांत जोडता येते. ती फेकून पडेल तिथे मोजायची पद्धत अनेक ठिकाणी शिकवतात, पण फेकणारा नकळत चालायला सोप्या जागी फेकतो आणि काटेरी, खडकाळ भाग मोजणीतून निसटतो. त्यापेक्षा शंभर मीटरची टेप पसरा आणि दर दहा मीटरला आळीपाळीने डावीकडे-उजवीकडे चौकट ठेवा. दहा चौकटींत गवत किती टक्के, उघडी माती किती, दगड किती, गवताच्या जाती कोणत्या आणि परकी रोपं किती, एवढं लिहा. टक्क्याचा अंदाज दोघांनी एकमेकांना न विचारता करावा आणि मग जुळवावा. लेंड्याही मोजता येतात, पण चिंकाऱ्याला एकाच ठिकाणी पुन्हापुन्हा लेंड्या टाकण्याची सवय असते. असा ढीग चौकटीत आला की आकडा फुगतो, म्हणून ढीग वेगळ्या रकान्यात.

प्राण्यांच्या गणनेबद्दल जरा थांबून बोलायला हवं. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर मचाणावरून मोजण्याची पद्धत महाराष्ट्रात रुजली आहे आणि लोकांना जंगलाची ओढ लावण्याचं काम तिने केलं आहे. चिंकाऱ्यासाठी मात्र ती कमकुवत आहे. तो पाल्यातून, कोवळ्या शेंड्यांतून बरंच पाणी मिळवतो आणि दिवसेंदिवस पाणवठ्यावर फिरकत नाही. आलेलं एकच जनावर दोनदा मोजलं जाण्याचा धोका असतो तो वेगळाच. उघड्या माळावर उजाडताना ठरलेल्या रेषांवरून चालत मोजणं जास्त भरवशाचं: प्रत्येक रेषा एक ते दीड किलोमीटर, दोन रेषांत पुरेसं अंतर, सगळे गट एकाच मिनिटाला निघणारे. दिसलेल्या प्रत्येक कळपाची वेळ, संख्या, नर-मादी-पिल्लं आणि तो कुठल्या दिशेला गेला हे लिहिलं की दोन गटांच्या नोंदी ताडून एकच कळप दोनदा आला का ते कळतं. आणि त्याच सकाळी भोवतालच्या ज्वारी-मटकीच्या रानांतही दोन गट असू द्या, कारण चिंकाऱ्याला हद्द माहीत नसते. आतला आकडा घटला म्हणून घाबरायचं की तो शेजारच्या रानात चरतोय म्हणून निश्चिंत व्हायचं, हे बाहेरची नोंद असल्याशिवाय ठरत नाही.

हातांना घाम फुटेल असं काम हवं असणाऱ्यांसाठी वेडी बाभूळ, म्हणजे माळावर पसरत जाणारं परकं काटेरी झाड, मुळापासून काढण्याचं काम आहे. परवानगीत तसं नमूद करून घ्या आणि आधी ओळख पक्की करा, कारण अशा श्रमदानांत हिवर आणि गावठी बाभूळ बळी पडते. गावठी बाभळीची फुलं पिवळे गोळे आणि शेंग मण्यांच्या माळेसारखी. हिवराची साल फिकट, काटे पांढरे. वेड्या बाभळीचं फूल लांबट तुऱ्यासारखं, फिकट पिवळं, शेंग सरळसर आणि पिकली की पिवळी पडणारी. ती जमिनीलगत तोडली की एका खोडाची दहा होतात, कारण फुटण्याचे डोळे जमिनीखाली मुळाच्या मानेवर असतात. फूटभर खाली उकरून ती मान तोडून काढावी लागते. पावसाळ्यात जमीन मऊ असताना, कंबरेएवढी रोपं निवडली तर चार माणसं सकाळभरात बरीच काढतात. मोठी झाडं यंत्राशिवाय काढायच्या नादी लागू नये. शेंगा पिकण्याआधी काम संपवा. शेंगा गोड असतात, जनावरं खातात आणि बी शेणातून, लेंड्यांतून लांब रुजते. काढलेला खड्डा बुजवून पायाने दाबा आणि वर जवळचंच, बी धरलेलं मारवेल कापून पसरा. हे शेवटचं पाऊल गाळलं की तिथे गाजर गवत येतं. सगळी वेडी बाभूळ एका दिवसात संपवण्याची घोषणाही नको. ज्या तुकड्यात काम केलं तिथेच पुढची तीन-चार वर्षं फुटवे काढायला परत यायचं, हे मान्य असेल तरच हात घाला.

वर्धापनदिन उन्हाळ्याच्या तोंडावर पडत असेल तर जाळरेषांची, म्हणजे वणवा अडवण्यासाठी गवत काढून मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यांची, पाहणी त्या दिवशीच उरका. राज्यात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात, म्हणून रेषा त्याआधी पूर्ण हव्यात. रस्त्यालगतची बाजू सगळ्यांत धोक्याची, चालत्या गाडीतून पडलेली विडी पुरते. गवत कापून गावाला द्यायचं असेल तर बी झडल्यावर, साधारण नोव्हेंबरच्या मध्यानंतर, पट्ट्यापट्ट्याने आणि बुडाशी मूठभर उंची ठेवून. बी झडण्याआधी कापलं तर पुढच्या वर्षीचं गवतच नेल्यासारखं होतं.

समारंभाची तयारी करताना जे घडतं त्यातलं एक फार सलतं. वाट सजवायची म्हणून माळावरचे दगड उचलून दोन्ही बाजूंना मांडतात आणि चुन्याने रंगवतात. मे महिन्यात त्याच दगडांवर सरडा बसतो. नराच्या गळ्याखाली निळी-काळी-केशरी घडी असते आणि दगडावर चढून तो ती पंख्यासारखी उघडतो-मिटतो. दख्खनच्या या सरड्यांची प्रजाती (जीनस) २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी वेगळी ओळखली तेव्हा तिला नाव दिलं ‘सरडा’, आपल्या मराठीतलंच. ज्याचं शास्त्रीय नाव मराठी आहे त्याचं व्यासपीठ आपण वाटेच्या शोभेसाठी उचलतो. दगड जिथल्या तिथे राहू द्या.

मंडप, माइक आणि जेवण हद्दीच्या बाहेर, शक्यतो गावात. आत खाऊची पाकिटं उघडली की मागून कुत्री येतात आणि ती एका दिवसात परत जात नाहीत. चिंकाऱ्याच्या पाडसामागे लागतात, खोकड आणि लांडग्यांना रोग देतात. पुणे जिल्ह्यातल्या माळांवर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं २०२३ मध्ये जनुकीय तपासणीतून सिद्ध झालं आहे. त्यामुळे वर्धापनदिनाला भोवतालच्या गावांत कुत्र्यांचं लसीकरण आणि नसबंदीचं शिबिर घेतलं तर ते अभयारण्याच्या आत काहीही न करता अभयारण्याला मिळालेलं मोठं देणं ठरेल.

सत्कार करायचाच तर वनरक्षक आणि हंगामी मजुरांचा करा, आणि शाल-श्रीफळाऐवजी त्यांना आठ बाय बेचाळीसची दुर्बीण, काट्यांना दाद न देणारे बूट, कपाळावर बांधायची बॅटरी द्या. धनगरांना बोलवा, पहिल्या रांगेत बसवा. लांडग्याचा माग, विणीची जागा, कुठलं गवत कुठल्या पावसात येतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. लांडगा सगळ्यांत जास्त शेळ्या-मेंढ्या त्यांच्याच नेतो, आणि तरी पुष्कळ वाड्यांवर तो वैरी मानला जात नाही. ही सहनशीलता फुकट घेऊ नये. त्याच दिवशी नुकसानभरपाईचे अर्ज भरून देणारं एक टेबल मांडा: खबर ताबडतोब द्यायची, मेलेलं जनावर पंचनाम्याआधी हलवायचं नाही, फोटोत जनावराच्या कानातला टॅग आणि जखम दोन्ही दिसले पाहिजेत.

आणि नकाशा मोठा छापा, हद्दीबाहेरचा भाग दिसेल असा. लांडग्यांच्या एका कळपाला शंभर-दोनशे चौरस किलोमीटरांचा टापू लागतो. मयूरेश्वर पाच चौरस किलोमीटरांचं आहे. सोलापूरच्या माळढोक अभयारण्याचं उलट झालं. १९७९ मध्ये ते जवळजवळ साडेआठ हजार चौरस किलोमीटरांचं आखलं गेलं, त्यात गावं आली, शेतं आली, रस्ते आले, आणि लोकांचा रोष ओढवला. २०१२ मध्ये ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणलं. एवढं होऊनही त्यातल्याच नान्नजला माळढोक पक्षी दिसणं आता दुर्मीळ. मोठं आखून भागलं नाही आणि छोटं आखूनही भागत नाही. मधली शेतं, गायरानं, ओढ्याकाठचे पट्टे उघडे राहिले तरच आतलं टिकतं. जाळीचं कुंपण घातलेला प्रत्येक नवा प्लॉट त्या नकाशावर लाल पेन्सिलीने भरत जावा.

नोंदींची वही एकच, पुठ्ठ्याची, आडवी. तिच्या तीन प्रती: वनपरिक्षेत्र कार्यालयात, ग्रामपंचायतीत आणि जवळच्या शाळेत. शाळेतली सगळ्यांत जास्त टिकते, कारण पुढच्या वर्षीही तिथे दहावीचा वर्ग असतोच. पहिल्या पानावर दगडांच्या खुणांची अंतरं, दुसऱ्यावर रेषांचा नकाशा, मग वर्षाला चार पानं. मोजणाऱ्यांची नावं, निघण्याची वेळ, आभाळ कसं होतं, आदला पाऊस केव्हा पडला, हे आकड्यांच्या आधी. आणि लिहायचं शिसपेन्सिलीने. शाई दवात पसरते, बॉलपेन थंडीत अडतं.